खाणीचा हिशेब आणि आफ्रिकेची शांतता

आफ्रिका खंडातील युद्धांच्या वार्ता आपल्या वृत्तपत्रांत येतात तेव्हा त्या बहुधा आतल्या पानावर, चार ओळींत, ‘टोळीयुद्ध’ अथवा ‘वांशिक हिंसाचार’ अशा एखाद्या मथळ्याखाली उरकल्या जातात, आणि वाचकाचाही सहज असा समज होतो की, ही माणसे पूर्वापार परस्परांच्या जिवावर उठलेली असून त्यांच्या भांडणाशी आपला, म्हणजे पेडण्याच्या शेतकऱ्याचा, डिचोलीच्या ट्रकवाल्याचा किंवा साखळीच्या व्यापाऱ्याचा, काडीचाही संबंध असण्याचे कारण नाही. हा समज निराधार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डिचोलीच्या डोंगरांतून वर्षानुवर्षे लोहखनिज काढणाऱ्या सेसा गोवा कंपनीने २०११ साली पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात ‘वेस्टर्न क्लस्टर’ नावाच्या खाणप्रकल्पाचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला, पुढच्याच वर्षी उरलेला हिस्साही आपल्या ताब्यात घेतला, आणि तो देश म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या यादवीतून, सुमारे अडीच लाख माणसे गमावून, कसाबसा बाहेर पडलेला देश होता. आपल्या तालुक्यातील तांबड्या मातीचा आणि त्या दूरच्या मुलखातील शांततेचा संबंध असा थेट, सहीशिक्क्यानिशी जोडला गेला आहे. आणि म्हणून जागतिकीकरणाने आफ्रिकेतील युद्धांवर व सुरक्षिततेवर काय परिणाम केला, हा प्रश्न गोमंतकीयांनी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही.

वस्तुतः हा संबंध नवा नाहीच. जागतिकीकरण हा शब्द रूढ होण्यापूर्वी शंभर वर्षे पोर्तुगीज सरकारने एका मुलखाचे बंड मोडण्यास दुसऱ्या मुलखाचे शिपाई नेण्याची जी रीत चालवली होती, तिचे दोन्ही अनुभव आपल्या या नव्या काबिजादींनी, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या महालांनी, घेतलेले आहेत. १८९५ साली मोझांबिकमध्ये गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्याविरुद्ध पोर्तुगालने मोहीम आरंभिली, तेव्हा गोव्यातील मराठा शिपायांनाही तिकडे जाण्याचा हुकूम सुटला. शिपायांनी तो मानण्याचे साफ नाकारले, हत्यारे घेऊन ते शेजारच्या सत्तरी महालातील नाणूसच्या किल्ल्याकडे निघून गेले, तेथील राणे घराण्यातील दादा राणे त्यांना मिळाले, आणि लिस्बनला राजाचा सख्खा भाऊ सैन्यासह गोव्यास पाठवण्याची वेळ आली. आफ्रिकेतील एका राजाला जेरबंद करण्यास आपण जाणार नाही, असे म्हणणारे हे शिपाई काही विश्वबंधुत्वाचा उद्घोष करीत नव्हते. जातिधर्माची, घरादाराची आणि पगाराची त्यांची गाऱ्हाणी होती. परंतु त्या गाऱ्हाण्यांना दाद लागण्याचे ठिकाण नव्हते, म्हणून प्रकरण किल्ल्यावर आणि बंदुकीवर गेले, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे राण्यांच्या १९१२च्या बंडात उलट मोझांबिकचे शिपाई गोव्यात आणण्यात आले. स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वात गोव्याच्या ठाण्याठाण्यांवर जे कृष्णवर्णी सैनिक उभे असत, आणि ज्यांना आपल्याकडची वडीलधारी मंडळी ‘खापरी’ म्हणून भीतीने ओळखत, ते स्वतः आपल्याइतकेच पारतंत्र्यात होते. त्यांच्या गावीही तोच अंमल, तोच सक्तीचा हुकूम आणि तोच दंडुका होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवीच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडला, ते स्मारक आजही मुंबई-गोवा रस्त्यालगत उभे आहे. परंतु त्या गोळीबाराच्या मागे उभी असलेली हुकूमत अंगोला व मोझांबिक यांच्या कमाईवर आणि मनुष्यबळावर पोसली जात होती, याची नोंद त्या स्मारकावर नाही.

आफ्रिकी नेत्यांना मात्र हा संबंध पुरता ठाऊक होता. एप्रिल १९६१मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची जी परिषद भरली, तीत अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्या बरोबरीने गोव्याचे प्रतिनिधी बसले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीस झालेल्या परिसंवादात आफ्रिकेतील पुढाऱ्यांनी भारताने गोव्याच्या बाबतीत आता विलंब लावू नये असा आग्रह धरला, आणि अंगोलात त्याच वर्षी पेटलेल्या बंडाने पोर्तुगालचे सैन्यबळ तिकडे गुंतलेले असताना १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याचा सूड म्हणून मोझांबिकमधील भारतीयांना छावण्यांत कोंडण्यात आले व त्यांची मालमत्ता गोठवण्यात आली. मडगावच्या शाळकरी पोराला हा इतिहास शिकवला जात नाही, पेडण्याच्याही नाही. आणि म्हणूनच आफ्रिकेची आग ही परक्याची आग वाटते.

आता लायबेरियाकडे वळू, कारण जागतिक व्यापार युद्धाला नेमका कोठे शिवतो हे त्या देशाच्या उदाहरणाने जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. त्या देशाच्या पश्चिमेस बोमी नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथे १९५१पासून एका अमेरिकन भांडवलाच्या कंपनीने लोहखनिज काढले, राजधानी मन्रोव्हियाच्या बंदरापर्यंत रेल्वे टाकली, आणि १९७०च्या दशकात खनिज संपत आल्यावर खाण बंद करून ती निघून गेली. मागे उरला तो एक अवाढव्य खड्डा. पावसाचे पाणी साचून त्याचा निळाशार तलाव झाला, आणि तबमनबर्ग या गावाजवळचा तो तलाव आता प्रवाशांना दाखवण्याचे स्थळ झाला आहे. शिरगाव, लामगाव, मये या परिसरातून ज्याने कधी पायी हिंडून पाहिले असेल, त्याला त्या निळ्या पाण्याचे वर्णन ऐकून नवल वाटणार नाही. आपल्याकडेही डोंगराच्या पोटात असेच हिरवट-निळे पाणी उभे आहे, काठावर रिजेक्शनचे ढीग आहेत, आणि खाली गावात मात्र उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो. खाणीचा खड्डा विहिरीच्या तळापेक्षा खोल गेला की पाणी कोणीकडे ओढले जाते, हे शिरगावच्या बायकांना कोणा भूगर्भशास्त्रज्ञाने येऊन सांगावे लागले नाही.

येथवर दोन्ही मुलखांची कहाणी सारखी आहे. यापुढे ती वेगळी होते. २४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलर याने थोडक्या साथीदारांनिशी लायबेरियाच्या निंबा प्रांतात शिरून बंड पुकारले, आणि काही महिन्यांतच देशाचा बहुतेक भाग त्याच्या अमलाखाली आला. बंड चालवण्यास दारूगोळा लागतो, दारूगोळ्यास परकीय चलन लागते, आणि परकीय चलन टेलरला कोणी दिले, हा खरा प्रश्न आहे. हिऱ्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. हिरा नदीच्या वाळूतून फावड्याने व चाळणीने काढता येतो, मुठीत दडवून सरहद्दीपार नेता येतो, त्यामुळे त्याच्या चोरीला कोणाची संमती लागत नाही. परंतु लोहखनिज मुठीत मावत नाही. त्याला रेल्वे लागते, धक्का लागतो, जहाज लागते, आणि दूरच्या देशात भट्टी पेटवून बसलेला खरेदीदार लागतो. निंबामधील खाणींजवळ साठून राहिलेले खनिज टेलरच्या ताब्यातील ब्युकॅनन बंदरातून युरोपातील पोलाद कारखान्यांकडे रवाना झाले, म्हणजे बंडखोराच्या परवान्यावर माल भरून घेणारे, त्याचा विमा उतरवणारे आणि त्याचे मोल चुकते करणारे लोक सुसंस्कृत देशांत, कायदेशीर दफ्तरांत बसलेले होते. लाकूड गेले, रबर गेले. १९२६पासून त्या देशात रबराची अफाट लागवड करणाऱ्या फायरस्टोन कंपनीने आपले मळे पुन्हा सुरू करण्यासाठी टेलरच्या तथाकथित सरकारला कर भरला. टोळ्यांचे वैर जुने असेल. परंतु जुने वैर चौदा वर्षे तोफा-बंदुका चालवीत नाही, त्यासाठी नियमित उत्पन्न लागते, आणि ते उत्पन्न जागतिक बाजारपेठेने पुरवले.

याहून एक बारीक गोष्ट मुरगाव बंदराशी परिचय असलेल्या वाचकांच्या ध्यानी यावी. मोठमोठ्या मालवाहू जहाजांच्या मागील बाजूस जे नोंदणीचे ठिकाण रंगवलेले असते, तेथे ‘मन्रोव्हिया’ हे नाव गोमंतकीय तारवट्यांनी असंख्य वेळा वाचलेले असेल. लायबेरियाचा ध्वज लावणारी ही जहाजे लायबेरियाच्या मालकीची नसतात. कर वाचावा आणि नियम सैल मिळावेत म्हणून मालक तेथे नोंद करतात, आणि ती नोंदवही चालवली जाते अमेरिकेतील एका कार्यालयातून. या नोंदणीच्या शुल्कातील काही रक्कम टेलर पुढे सत्तेवर आल्यावर त्याच्या राजवटीत शस्त्रवाहतूक करणाऱ्यांच्या खात्यांत वळवली गेली, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २००१ साली दाखवून दिले. आमच्या बंदराच्या बाहेरच्या नांगरतळावर, बार्जीतून खनिज भरून घेत उभे असणाऱ्या जहाजाने भरलेले शुल्क कोणाच्या काडतुसात गेले असेल, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण पैसा सरहद्द ओळखत नाही, या उक्तीचा अर्थ त्या अहवालाइतका नागवा मी अन्यत्र वाचलेला नाही. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातील कोठारांतून बेवारस झालेल्या बंदुका व्हिक्तर बूटसारख्या व्यापाऱ्यांनी विमाने भरभरून आफ्रिकेत उतरवल्या; बूटला १९९०च्या दशकापासून साऱ्या जगाने पाहिले, आणि अटक झाली ती २००८ साली बँकॉकमध्ये. बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती त्या बंदुका गेल्या. २००३च्या शांतता करारानंतर लायबेरियात निःशस्त्रीकरणासाठी एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. जमा झालेली हत्यारे त्यांच्या एक-तृतीयांशही नव्हती. टेलरला मात्र शेजारच्या सिएरा लिओनमधील अत्याचारांसाठी विशेष न्यायालयाने २०१२ साली ५० वर्षांची शिक्षा ठोठावली.

त्याच वर्षी, २०१२मध्ये, डिचोलीत काय घडत होते? चीनच्या भट्ट्यांनी आपले हलक्या प्रतीचे खनिजही पदरात घेण्यास आरंभ केल्यापासून गोव्यात जी धावपळ सुरू झाली होती, ती तेव्हा शिगेला पोचून एकाएकी थांबली. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. साखळी-डिचोली रस्त्यावर सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालेली आई टिपरांच्या रांगेतून वाट काढीत असे, तुळशीवृंदावनावर, पापडांच्या वाळवणावर आणि माणसांच्या फुप्फुसांत सारखीच तांबडी धूळ बसत असे, सारमानसच्या धक्क्यावर बार्जी भरत, आणि वजनकाट्यावरची चिठ्ठी व प्रत्यक्ष माल यांचा मेळ किती बसतो हे पाहणारे दफ्तर जवळजवळ झोपी गेलेले असे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालाने सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा मांडला. तो आकडा पुढे वादग्रस्त ठरला हे खरे, पण एका इवल्याशा राज्याच्या डोंगरांतून किती माल बाहेर गेला यावरच तज्ज्ञांचे एकमत होऊ नये, हीच मुळात केवढी मोठी कबुली आहे! सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २१ एप्रिल २०१४च्या निकालाने २२ नोव्हेंबर २००७नंतरचे सारे उत्खनन बेकायदा ठरवले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. पुन्हा घाईघाईने नूतनीकरण केलेले ८८ परवाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले.

या निकालांची किंमत गरिबांनी मोजली, हे मला झाकून ठेवावयाचे नाही. बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतलेला पाळी-वेळग्याचा माणूस रातोरात निरुद्योगी झाला. अंगणात उभ्या ट्रकचे टायर कुजले, पण हप्ता कुजला नाही. १९ मार्च २०१८ रोजी खाण-अवलंबितांनी पणजीत मांडवीवरचे पूल अडवले, तेव्हा पोलिसांनी लाठ्या चालवल्या. तो दिवस गोव्याच्या दृष्टीने अशुभ होता. परंतु एवढा संताप, एवढी बेकारी आणि एवढा पैसा एकत्र आला असताना गोव्यात जे घडले ते पुलावरचे धरणे, आझाद मैदानावरचे उपोषण, पंचायतीचा ठराव आणि गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेची याचिका एवढ्यावर राहिले. याचे श्रेय आपण गोमंतकीय शांत स्वभावाला देतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही. याच मातीतील माणसांनी १८९५ साली नाणूसचा किल्ला लढवला होता. फरक स्वभावाचा नसून दाद मागण्याच्या जागेचा आहे: १८९५ साली ती जागा नव्हती, २०१२ साली होती. मामलतदाराच्या कचेरीत कितीही हेलपाटे पडोत, माहितीच्या अधिकाराखालील अर्ज कितीही वेळा परत येवो, अखेर एक न्यायालय असे होते की ज्याने कागद मागवले आणि ज्याचा हुकूम खाणमालकाला मोडता आला नाही.

जागतिकीकरण आणि युद्ध यांच्या संबंधाची गुरुकिल्ली, माझ्या मते, येथे आहे. व्यापार स्वतः युद्ध पेटवीत नाही. बोत्स्वानात लायबेरियाहून कितीतरी अधिक हिरे निघतात. तेथील सरकारने दे बीर्स कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार करून उत्पन्न राज्याच्या तिजोरीत आणले, शाळा व रस्ते बांधले, आणि त्या देशाने यादवी पाहिली नाही. झांबियातील चिंगोला परिसराच्या १,८२६ गावकऱ्यांनी वेदांत समूहाच्या तांब्याच्या खाणीने आपल्या नद्या नासवल्याची फिर्याद थेट लंडनच्या न्यायालयात नेली, आणि १० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती तेथे चालू शकते असा निर्णय दिला. पुढे २०२१च्या आरंभी कंपनीने कोणतीही कबुली न देता तडजोड केली. सेसा गोवा कंपनी २००७ साली जपानच्या मित्सुईकडून ज्या समूहाच्या हाती आली, तोच हा वेदांत समूह. म्हणजे डिचोली, बोमी आणि चिंगोला या तीन ठिकाणच्या खाणींचा मालक एकच, आणि तिन्ही ठिकाणी गावकऱ्याचे गाऱ्हाणे जवळपास एकच. त्या गाऱ्हाण्याचा कागद पणजीत टिकतो, लंडनमध्ये टिकतो. जेथे तो कोठेच टिकत नाही तेथे तरुण मुलगा काय करील, याचे उत्तर काँगोच्या पूर्वेकडील डोंगरांत तीस वर्षे मिळत आहे. आपल्या हातातील भ्रमणध्वनीला लागणाऱ्या कोल्टनच्या खाणी तेथे आज एका बंडखोर टोळीच्या तर उद्या दुसरीच्या ताब्यात असतात, जानेवारी २०२५मध्ये एम-२३ या संघटनेने गोमा शहरच घेतले, आणि त्याच प्रदेशात बुटेम्बो येथे शांतिसेनेतील आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान जुलै २०२२मध्ये प्राणास मुकले.

भावाच्या चढउताराचा मुद्दा मात्र वेगळा आणि मोठा आहे, कारण त्यावर कोणत्याही न्यायालयाचा अंमल चालत नाही. २०१४ साली लोहखनिजाचा जागतिक भाव निम्म्यावर आला. त्याच वर्षी लायबेरियात इबोलाची साथ पसरली आणि ४,८००हून अधिक माणसे दगावली. सुमारे अडीच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे आश्वासन मिळालेला वेस्टर्न क्लस्टरचा प्रकल्प ठप्प झाला व २०२२पर्यंत ठप्पच राहिला. बोमी हा असा प्रांत आहे की, २००३च्या लढाईत तबमनबर्ग हे टेलरविरोधी बंडखोरांचे मुख्य ठाणे होते आणि तेथूनच निघून त्यांनी राजधानीवर तोफा डागल्या. अशा गावी हत्यार खाली ठेवलेल्या माणसाला खाणीत रोजगार मिळेल असे सांगायचे, आणि शांघायमधील भाव उतरला की दरवाजाला कुलूप घालायचे, यात केवढी जोखीम आहे याचा अंदाज ताळेबंदावरून येत नाही. डिचोलीच्या ट्रकवाल्याला तो येईल.

समुद्राच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. १९९१ साली सोमालियातील सरकार कोसळले, किनाऱ्याचा पहारा संपला, तेव्हा परदेशी ट्रॉलरांनी तेथील मासळी ओरबाडून नेली आणि काहींनी विषारी कचराही ओतला. त्यातून उठलेले लोक पुढे चाचेगिरीच्या धंद्यात शिरले आणि धंदा एवढा फोफावला की जहाजावर नोकरीस गेलेल्या मुलाच्या काळजीने गोव्यात किती देवघरांत आणि किती क्रूसांपुढे दिवे लागले असतील याची गणती नाही. खाणी थांबल्यावर डिचोलीची आणि मासळी घटल्यावर केरी-तेरेखोलची मुलेही आता जहाजाची वाट धरू लागली आहेत. चाच्यांच्या धाकाने विमा कंपन्यांनी धोक्याचा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणून भिडवला, जहाजांवर सशस्त्र पहारेकरी बसले, आणि १५ फेब्रुवारी २०१२ रोजी एन्रिका लेक्सी या इटालियन जहाजावरील नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन निरपराध भारतीय मच्छीमार चाचे समजून ठार केले. सोमालियाच्या मच्छीमाराची उपजीविका बुडाली, आणि त्याच्या पायी केरळचा मच्छीमार मेला. मार्च २०२४मध्ये आपल्या नौदलाने रुएन हे जहाज सोडवून ३५ चाचे मुंबईच्या पोलिसांच्या हवाली केले, त्या शौर्याचा मला अभिमान आहे. परंतु ३५ माणसांना तुरुंगात ठेवल्याने तो किनारा भरत नाही.

आपल्या सरकारी कंपन्याही या व्यवहारापासून अलिप्त नाहीत, आणि हे नमूद केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोझांबिकच्या उत्तरेस, काबो देलगादो प्रांतात, समुद्रतळाशी सापडलेल्या वायूच्या एका मोठ्या क्षेत्रात ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. वायू सापडला, जमिनी घेतल्या गेल्या, मच्छीमारांना किनाऱ्यावरून उठवले गेले, आणि त्या अतिदरिद्री प्रांतातील तरुणांना त्या संपत्तीतून काही मिळण्यापूर्वीच ऑक्टोबर २०१७मध्ये धर्माच्या नावाने सशस्त्र उठाव झाला. मार्च २०२१मध्ये पाल्मा शहरावर हल्ला होऊन काम बंद पडले. उठावाला केवळ वायूच कारण आहे असे मी म्हणणार नाही. अतिरेकी प्रचार बाहेरून आला, तस्करीचे जुने मार्ग होते, सरकार दूर होते. पण भारतीय नागरिकाच्या पैशाने त्या प्रांतात गुंतवणूक झाली असता, तेथील विस्थापितांचे काय झाले हा प्रश्न आपल्या संसदेत किती वेळा विचारला गेला?

या विवेचनावर कोणी म्हणेल की जागतिकीकरणाने आफ्रिकेला शांतताही दिली आहे, आणि ते म्हणणे रास्त आहे. जानेवारी २००७मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची केवळ स्त्रियांची तुकडी मन्रोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील अशी ती पहिलीच तुकडी, आणि नऊ वर्षे तिच्या पाळ्या लायबेरियाच्या अध्यक्षांच्या कचेरीवर पहारा देत राहिल्या. भारताची अशी ओळख त्या लोकांच्या मनात आहे. दुसरीकडे आपण त्यांच्याशी कसे वागतो? २०१३ साली एका नायजेरियन तरुणाचा बार्देशात खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, आणि त्या क्षोभात राज्याच्या एका मंत्र्याने साऱ्या नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. पुढे त्यांना खेद व्यक्त करावा लागला. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर भाड्याने खोली मागणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याकडे हिंसाचाराचा वाहक म्हणून पाहणाऱ्या घरमालकाने एकदा पत्रादेवीला उभे राहून विचार करावा की, हिंसा त्या खंडातून निघून आपल्याकडे येते, की पुष्कळ वेळा बाहेरूनच त्या खंडात उतरवली जाते.

मागणी कोणती करावी, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. लायबेरियाने यादवीतून बाहेर पडल्यावर एक शहाणपणाचे काम केले: खाण, तेल, लाकूड आणि रबर यांतील प्रत्येक कंपनीने सरकारला किती रक्कम दिली आणि सरकारने किती घेतली, या दोन्ही बाजू जाहीर झाल्या पाहिजेत, व करारनामेही प्रसिद्ध झाले पाहिजेत, असा कायदा त्या देशाने केला. ज्या लोकांनी गुप्त करारांतून आलेला पैसा बंदुकांत रूपांतरित होताना पाहिला, त्यांना हिशेब उघडा ठेवण्याचे मोल निराळे सांगावे लागले नाही. आपल्याकडे शिरगावचा गावकरी आपल्याच डोंगराचा करार पाहण्यासाठी माहितीचा अर्ज करतो, अपील करतो, उच्च न्यायालयात जातो. डिचोलीची पहिली लिलावातील खाण २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. ती चालवणाऱ्या वेदांत समूहाने बोमीची खाणही पुन्हा उघडली आहे. तेव्हा डिचोली तालुक्यातील ग्रामसभांनी ठराव करावेत, गोव्याच्या विधानसभेने ते केंद्राकडे पाठवावेत, आणि ज्या गोमंतकीय कुटुंबांकडे या कंपनीचे भाग आहेत त्यांनी वार्षिक सभेत प्रश्न विचारावा की, भारतात आणि आफ्रिकेत, प्रत्येक खाणीमागे, प्रत्येक सरकारला आपण काय दिले. लायबेरियात हा कायदा २००९पासून अमलात आहे. भारतात तसा कायदा अद्याप झालेला नाही.